गर्दीचा आवाज खाली ओढणाऱ्यांना

प्रति,
हेवी मेटलचे लाइव्ह अल्बम मिक्स करणारे, त्यांची निर्मिती करणारे, आणि अंतिम मिक्स ऐकून 'चालेल' म्हणणारे सर्व बँड

स. न. वि. वि.

मी गर्दीतला माणूस आहे. मला गिटार येत नाही, बास आणि गिटार यांतला फरक तारा मोजल्याशिवाय कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ड्रमवर मला कुणी बसवू नये. मला येतं ते एवढंच, वेळेवर ओरडणं. त्या एकाच अधिकारात हे पत्र लिहितोय.

काही वर्षांपूर्वी एका बँडच्या कार्यक्रमाला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण बँडवर अजून जीव आहे. चौथ्या गाण्यात, सोलोच्या, म्हणजे गिटारच्या एकल वादनाच्या, जरा आधी, एका गिटारचा आवाज एकाएकी गेला. केबल निखळली की अ‍ॅम्पने मान टाकली, आम्हाला काय कळणार! गिटारिस्ट पेडलवर वाकला, एक मदतनीस मंचावर जवळपास रांगत आला. ड्रमर थांबला नाही. बासवाला त्याच्या तोंडाकडे बघत वाजवत राहिला. आणि तेवढ्यात पुढच्या रांगांमधून कुणीतरी तो रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, तोंडाने म्हणायला लागलं. आधी पाच-दहा जण, मग डावी बाजू, मग अख्खं सभागृह. शब्द नव्हतेच, नुसते हुंकार. रिफच्या आठ आवर्तनांपर्यंत ते गाणं आम्ही धरून ठेवलं. गिटार परत आली तेव्हा ती आमच्या लयीत येऊन मिसळली. आम्ही किंचित घाईत होतो आणि ड्रमरही आमच्यासोबत घाईला आला होता, त्यामुळे पुढचा सोलो नेहमीपेक्षा जलद निघाला. गिटारिस्टच्या बोटांना ते झेपेल की नाही अशी दोन क्षणं शंका वाटली. झेपलं. त्या दोन क्षणांसाठी मी आयुष्यभर तिकिटं काढत राहीन.

वर्षभराने त्याच रात्रीचा अल्बम आला. मी थेट चौथं गाणं लावलं. गिटार कुठेही तुटत नाही. रिफ आठही वेळा नीट, भरीव, कडक वाजतो. सोलो स्वच्छ आहे. आणि आम्ही? गाणं संपल्यावर लाटेसारखे येतो, पुढचं सुरू झालं की ओसरतो. चार-पाच सेकंद.

गिटार नंतर स्टुडिओत भरली याचा मला राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही मला त्या शुद्धतावाद्यांच्या पंगतीत बसवाल, जे प्रत्येक लाइव्ह अल्बममधले ओव्हरडब, म्हणजे नंतर स्टुडिओत भरलेले तुकडे, शोधत बसतात आणि सापडल्यावर चोर पकडल्यासारखे नाचतात. माझ्या कपाटात ज्युडास प्रीस्टचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' आहे. १९७९ च्या फेब्रुवारीत टोकियोत ध्वनिमुद्रित झालेला, त्याच वर्षी निघालेला. त्यातलं रॉब हॅल्फर्डचं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलं गेलं, हे पुढे खुद्द हॅल्फर्डनेच मान्य केलं. त्याआधीच लोकांनी त्या अल्बमला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं नाव ठेवलं होतं. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वर तर निर्माता आणि बँड यांचंच आजवर जमलं नाही. टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो, बहुतेक भाग स्टुडिओतला आहे. बँडवाले म्हणतात, छे. मला या भांडणात पडायचं नाही. प्रीस्टचा तो अल्बम मी आजही लावतो आणि मान डोलायची थांबत नाही. गायकाचा सूर उसना असेल, पण त्याच्या खालचे ड्रम आणि दोन गिटार त्या सभागृहात, त्या माणसांच्या समोर वाजलेले आहेत. ड्रमर लेस बिंक्स ज्या तावातावाने वाजवतो ते रिकाम्या खोलीत होत नाही.

रिकाम्या खोलीचं उदाहरण तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. २०२० आणि २०२१ मध्ये कित्येक बँडनी प्रेक्षकांशिवाय कार्यक्रम केले आणि ते घरोघरी पडद्यावर दिसले. खरे वादक, खरा मंच, खरे दिवे. एका दमात वाजवलेली गाणी, बऱ्याचदा नंतरची डागडुजीही नाही. शुद्धतावाद्यांच्या सगळ्या अटी पूर्ण. आणि तरीही गाणं संपल्यावर जी शांतता पडायची ती ऐकून पोटात खड्डा पडायचा. गायक सवयीने माइक समोर धरायचा आणि समोर कुणी नसायचं.

तेव्हा मुद्दा तुमच्या हातातल्या त्या पट्टीचा आहे. मिक्सिंगच्या टेबलावर गिटार, बास, ड्रम, गायक यांच्या रांगेच्या एका कोपऱ्यात गर्दीच्या माइकचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, असतात. ते गाणं चालू झालं की खाली, संपलं की वर. तुम्ही आम्हाला दाराच्या घंटीसारखं वापरता.

तुमची अडचण मला अगदीच कळत नाही असं नाही. थोडी माहिती काढली आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर गर्दीचा माइक टांगला, तर ड्रमचा ठोका त्याच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. संथ गाण्यात हे खपून जातं. पण मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजणारा मोठा ड्रम, एका ठोक्यात चार याप्रमाणे सोळाव्या मात्रेत धडधडत असेल, तर त्याच्या दोन ठोक्यांमधलं अंतरच सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याएवढं असतं. म्हणजे दूरच्या माइकमध्ये मागचा ठोका येईस्तोवर जवळच्या माइकमध्ये पुढचा वाजून गेलेला. दोन्ही एकत्र केले की मेटलचा सगळ्यात मौल्यवान ऐवज, तो धारदार ठोका, चिखल होतो. म्हणून फेडर खाली. मान्य. पण आता टेप नाही, संगणक आहे. गर्दीचा ट्रॅक उचलून सेकंदाचा दहावा हिस्सा अलीकडे सरकवायला तुम्हाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यातल्या खालच्या, घुमणाऱ्या पट्ट्या कापून वरचा माणसांचा आवाज ठेवता येतो. ज्या काळात हे काहीच शक्य नव्हतं, त्या काळातल्या अल्बममध्ये आम्ही जास्त ऐकू येतो. याचं तुम्हाला नवल वाटत नाही?

ऑगस्ट १९७२. डीप पर्पल ओसाकात दोन रात्री आणि टोकियोत एक रात्र वाजवतात. आठ ट्रॅकची टेप, यंत्रामागे ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च. अल्बम फक्त जपानसाठी निघणार होता आणि बँडला त्याचं इतकं कमी कौतुक, की मिक्सिंगला पाचांपैकी दोघेच फिरकले, रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस. त्या 'मेड इन जपान'मध्ये गाण्यांच्या मधली बोलणी राहिली आहेत, मंचावरून केलेली ती प्रसिद्ध विनंतीसुद्धा, की सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं करता येईल का. (मोटरहेडने पुढे हेच वाक्य जरा वाकवून आपल्या एका लाइव्ह अल्बमला नाव दिलं. अशी वाक्यं स्टुडिओत सुचत नाहीत.) आणि त्या अल्बममधली गर्दी कशी आहे ऐका. ती ऐकून घेणारी गर्दी आहे. हळू भागात शांत बसते, आणि मग एखाद्या वळणावर एकदम उसळते. त्या शांततेमुळेच गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरची एकेक तार मोजता येते. गर्दी नेहमी ओरडलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. ती गप्प आहे हेही ऐकू यायला हवं.

आता तेरा वर्षं पुढे या. तोच मार्टिन बर्च, आता निर्माता म्हणून, आयर्न मेडनचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' करतो. मार्च १९८५, लाँग बीच अरीना. सात महिने चाललेल्या दौऱ्याने शिजून निघालेला बँड. स्टीव्ह हॅरिसच्या बासच्या तारा पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजतात, आणि गायक ब्रूस डिकिन्सन दर थोड्या वेळाने त्या शहराचं नाव घेऊन ओरडायला सांगतो. 'रनिंग फ्री' मूळ अल्बमवर साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. इथे ते आठ मिनिटांच्या पुढे जातं. वाढलेली मिनिटं कुणाची आहेत? आमची. डिकिन्सन सभागृहाचे दोन भाग करतो, या बाजूला ओरडायला लावतो, मग त्या बाजूला, मग दोघांना एकमेकांवर सोडतो. तिथे गर्दी कापली तर गाणंच उरत नाही. बर्चला ते कळलं होतं. तो २०२० साली गेला. त्याच्यासारखं काम करणाऱ्यांनी त्याचे ड्रम कसे लागले होते याचा अभ्यास केलाय असं ऐकतो. त्याने आम्हाला कुठे ठेवलं होतं याचाही करा.

आणखी एक शेजारच्या आळीतलं उदाहरण. एसी/डीसीला मेटल म्हटलं तर ते स्वतःच रागावतात, पण १९७८ चा ग्लासगोच्या अपोलो सभागृहातला अल्बम आमच्याच घरात वाढलाय. 'होल लॉटा रोझी'च्या सुरुवातीला गिटार एक तुकडा वाजवून थांबते आणि त्या मोकळ्या जागेत अख्खं सभागृह गिटारिस्ट अँगस यंगच्या नावाने 'अँगस!' म्हणून ओरडतं. पुन्हा तुकडा, पुन्हा 'अँगस!'. ती आरोळी गाण्याच्या चालीतच नव्हती. कुणी लिहिली नाही, कुणी शिकवली नाही. आज जगभर कुठेही ते गाणं सुरू झालं की लोक त्याच जागी तेच ओरडतात, आणि मूळ स्टुडिओतली प्रत लावली की ती रिकामी जागा दात पडल्यासारखी वाटते. मला सांगा, त्या गाण्याच्या रचनेत ग्लासगोच्या लोकांचा हात नाही?

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी तक्रार नोंदवतो, हसत हसत. मोटरहेडचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' १९८१ मध्ये ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. लेमी, एडी क्लार्क, फिल टेलर, तिघांत मिळून एक रणगाडा. त्या अल्बममध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये मुद्रित झालेलं एकही गाणं नाही! बहुतेक सगळं मार्च १९८१ मधलं लीड्स आणि न्यूकॅसलचं. म्हणजे घसे फोडले लीड्स-न्यूकॅसलवाल्यांनी आणि मुखपृष्ठावर मिरवतंय हॅमरस्मिथ. बिचाऱ्या हॅमरस्मिथकरांना त्यांचा खरा वाटा चार वर्षांनी मेडनच्या अल्बममध्ये मिळाला. दोन तबकड्यांच्या त्या अल्बमची चौथी बाजू १९८४ च्या ऑक्टोबरात हॅमरस्मिथ ओडियनमध्येच मुद्रित झालेली आहे. नाव चुकलं म्हणून मी मोटरहेडवर कधी रुसलो नाही, कारण माणसं खरी आहेत. लेमीच्या बासची घरघर आणि त्यांचा कल्ला एकमेकांत असे मिसळलेत की सुरीने वेगळे करता येणार नाहीत.

खोटी गर्दी मात्र लगेच कळते. स्लेयरच्या १९८४ च्या 'लाइव्ह अनडेड'बद्दल लोक वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत, की वाजवलं स्टुडिओत आणि कल्ला नंतर चिकटवला. वाजवणं भन्नाट आहे, त्यात वाद नाही. पण ती गर्दी ऐका. ती कशालाच दाद देत नाही. रिफ बदलला तरी तोच कल्ला, गायक थांबला तरी तोच. खरी गर्दी चुकते. लवकर टाळ्या वाजवते, चुकीच्या ओळीवर गाते, मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा अर्धी मात्रा मागे असतात.

आकार मोठा असला पाहिजे असंही नाही. २००१ च्या १९ जानेवारीला रिओत मेडनसमोर सुमारे अडीच लाख माणसं होती, आणि 'फिअर ऑफ द डार्क'ची गिटारची धून ती माणसं शब्दांशिवाय गातात तेव्हा असं वाटतं की समुद्राने तो सूर पाठ केलाय. याच्या दुसऱ्या टोकाला मेहेमचा 'लाइव्ह इन लाइपझिग'. नोव्हेंबर १९९० मधला एक छोटा क्लब, मुद्रण इतकं कच्चं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं स्पीकर फाटलाय, आणि गायक पुढच्या वसंतात या जगात नव्हता. तिथली गर्दी मोजकीच. पण त्या खोलीची छत किती खाली असेल, भिंतींना ओल असेल का, हे मला तो अल्बम ऐकताना कळल्यासारखं वाटतं. गुळगुळीत मिक्समध्ये खोलीच नसते. गिटार कुठल्याच जागी वाजत नाही, ती फक्त वाजते.

बँडवाल्यांना एक वेगळं विचारायचं आहे. हल्ली तुम्ही कानात मॉनिटर, म्हणजे आपलंच वादन ऐकवणारे छोटे स्पीकर, घालून वाजवता. कान वाचतात, सूर नीट ऐकू येतो, उत्तम. पण ते बोळे कानात घट्ट बसले की तुम्हाला आम्ही ऐकूच येत नाही. समोर हजारो माणसं तोंड उघडून उभी आणि तुमच्या कानात फक्त क्लिक, म्हणजे लय धरायची यंत्राची टकटक, आणि गिटार, काचेमागून जत्रा पाहावी तसं. म्हणून तुमचेच तंत्रज्ञ मंचाच्या कडेला आमच्याकडे तोंड करून माइक लावतात आणि आमचा आवाज तुमच्या कानात सोडतात, कारण त्याशिवाय तुम्हाला वाजवता येत नाही असं तुम्हीच सांगता. बरोबर? म्हणजे त्या रात्री तुम्ही जो सोलो वाजवला तो आम्हाला ऐकत वाजवला. आम्ही वाढलो तिथे तुम्ही वाढलात. मग अल्बममध्ये तुमचं उत्तर ठेवून आमचा प्रश्न का पुसता? ऐकणाऱ्याला फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. हा माणूस एवढा का पेटलाय, ते त्याला समजतच नाही.

आणि क्लिक. याबद्दल फार बोलत नाही, कारण दिवे, पडदे आणि आतषबाजी त्याच्यावर बांधलेली असते हे मला माहीत आहे. तरी कधी एखादं गाणं त्याच्याशिवाय सोडून द्या. मेटलचा जोर वेगात असतो हा अर्धाच भाग झाला. वेग हाताबाहेर जाईल की काय या भीतीत उरलेला अर्धा असतो. वर सांगितलेला तो सोलो आठवा.

तुम्ही म्हणाल, आजच्या ऐकणाऱ्याला हे नको असतं, त्याला फोनवर, दोन गाण्यांच्या मध्ये, स्टुडिओतल्या गाण्याइतकंच ठणठणीत गाणं हवं असतं. असेल. मग त्याने स्टुडिओतलंच ऐकावं की! ते आहेच, आणि चांगलं आहे. तेच गाणं पुन्हा, थोडं कमी नीट वाजवून आणि शेवटी चार सेकंद टाळ्या लावून विकण्यात काय हशील? मेटॅलिका २००४ पासून आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं एकामागून एक श्रोत्यांना विकत देते आहे. एकाच गाण्याच्या डझनांनी आवृत्त्या. लोक त्या का घेतात? गाणं तर पाठ असतं. त्या रात्री, त्या गावात काय झालं ते ऐकायला घेतात. आपण तिथे होतो म्हणून घेतात.

मीही म्हणूनच घेतला होता.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. गाणं चालू असताना आमचा फेडर शून्यावर नेऊ नका. गिटार भरायची तर भरा, बेसूर ओळ दुरुस्त करा, मी तुमच्या दारात धरणं धरणार नाही. फक्त जिथे आम्ही काही केलं, तिथे ते ऐकू येऊ द्या.

कळावे,
आपला,
उजवीकडून तिसऱ्या खांबाजवळचा एक

ता. क. त्या बँडने हे वाचलंच, तर एक विनंती. गर्दीच्या माइकचा ट्रॅक तुम्ही फेकला नसणार. असं कुणी फेकत नाही. चौथं गाणं उघडा, सोलोच्या आधी या, दुरुस्त केलेली गिटार बंद करा आणि आमचा फेडर वर घ्या. आठ आवर्तनं आहेत. पाचव्यात एक जण सगळ्यांच्या आधी, एकटाच, चुकीच्या जागी सोलो सुरू करतो. तो मी.